समन्यायी पाणीवाटप : धरणातला वाटा चारीच्या टेलपर्यंत पोचतो का?

शेवटचं दार (निफाड तालुका)

नमस्कार मंडळी. हा धागा बरेच दिवस काढायचा होता. जायकवाडी भरलं की वरच्या धरणांतून तिकडे पाणी सोडायचा हा समन्यायीचा विषय थंड होतो. ऑक्टोबरात साठा कमी दिसला की पेटतो, आणि तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नाही. म्हणून आत्ताच विचारतो.

आमचं साडेतीन एकर वावर चारीच्या (कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या छोट्या पाटाच्या) टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. आमच्या पुढे दोनच शेतकरी, नंतर चारी ओढ्यात संपते. कालव्याचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार कुणा एका माणसाबद्दल नाही.

2023 ला पावसाने ओढ दिली. 30 ऑक्टोबरला जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून 8.603 टीएमसी (अब्ज घनफूट) सोडायचा आदेश निघाला. दारणा धरणसमूहातून 2.643, गंगापूर समूहातून 0.5, प्रवरेतून 3.36 आणि मुळेतून 2.10. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडचं पाणी नदीला सुटलं.

त्या हंगामात आमचा एक एकर उन्हाळ कांदा होता. पहिली दोन आवर्तनं (ठरावीक दिवस कालवा सोडतात ती) कशीबशी मिळाली. तिसऱ्याला वडील रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारावर गेले. त्यांची जुनी सवय आहे, बाभळीच्या काटकीला चाकूने खाच पाडून ती दारात रोवायची. खाचेला पाणी लागलं की पाळी नीट चालली असं समजायचं. त्या रात्री पहाटेपर्यंत पाणी खाचेच्या चार बोटं खालीच राहिलं. पाळीचे तास संपले तेव्हा अर्धा एकर कोरडा होता. त्या अर्ध्या एकरात नुसती गोल्टी, म्हणजे बारीक कांदा निघाला.

विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "पाणी समन्यायीत गेलं." ठीक आहे, गेलं. माझा प्रश्न असा की ते आमच्याच दारातून का गेलं? त्याच चारीच्या मुखाशी असलेल्यांचे वाफे तुडुंब भरलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. कमी झालेल्या पाण्याची वाटणी चारीवर कोण करतं, आणि ती कुठे लिहिलेली असते?

निवृत्त पाटकरी

दादा, चारीवर पाणी वाटण्यातच माझी उभी नोकरी सरली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायदा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005. त्याच्या कलम 12(6)(ग) चा अर्थ असा की खोऱ्यात तूट आली तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरायोग्य पाण्याची टक्केवारी, खरिपात वापरलेलं धरून, साधारण सारखी असावी. ते प्रत्यक्षात कसं करायचं हे मेंढेगिरी समितीने 2013 ला मांडलं आणि प्राधिकरणाचा 19 सप्टेंबर 2014 चा आदेश त्यावरच उभा आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही 23 सप्टेंबर 2016 ला हे वाटप उचलून धरलं.

व्यवहारात 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा बघतात. उपयुक्त साठा 76.65 टीएमसी, त्याचे 65 टक्के म्हणजे साधारण 49.8. तेवढं असेल तर वरून सोडायची गरज नाही. कमी असेल तर कोणत्या समूहात किती आहे ते बघून वाटा ठरतो. 2015 ला 12.84 टीएमसीचा आदेश होता, 2018 ला 8.99 चा. 2018 च्या आदेशात पालखेड समूहसुद्धा होता, 2023 च्या आदेशात नव्हता. म्हणजे दरवर्षी सगळ्यांना सारखी कात्री लागत नाही.

आता तुमच्या दाराकडे येतो. धरणातला वाटा गेल्यावर कालवा सल्लागार समितीत ठरतं की रब्बीची आवर्तनं किती आणि उन्हाळ्याची किती. पाणी कमी म्हणून आवर्तनाचे दिवस कमी होतात. खरी गोम इथे आहे.

समजा कालवा 700 क्युसेकने (सेकंदाला 700 घनफूट) 20 दिवस चालतो. ते झालं 1.21 टीएमसी. कपात म्हणून तो 14 दिवस चालवला, म्हणजे 0.85. कागदावर कपात 30 टक्के. पण कोरडा कालवा भरून पाणी खालच्या वितरिकांपर्यंत नीट चढायला समजा तीन दिवस लागतात. ते तीन दिवस 20 मधूनही जातात आणि 14 मधूनही. शेत भिजवायला आधी 17 दिवस होते, आता उरले 11. वाटप हेडकडून, म्हणजे मुखाकडून सुरू केलं तर पहिल्या 11 दिवसांतल्या लोकांना पूर्वीइतकंच पाणी मिळतं, आणि शेवटच्या सहा दिवसांतल्यांना काहीच नाही. कागदावर जी कपात 30 टक्के आहे ती हेडला शून्य पडते आणि टेलला शंभर.

म्हणून शेजपाळी (कुणाला कधी पाणी याचा क्रम) टेलकडून हेडकडे लावायची असते. आम्ही ज्या वर्षी खरंच तशी लावली, त्या वर्षी कमी पाण्यातही भांडणं कमी झाली. पण त्यासाठी हेडची दारं दहा-बारा दिवस बंद ठेवावी लागतात, आणि रात्री त्या दारांवर माणूस बसवावा लागतो. माणसं कमी, कालवा लांब. कुलूप लावलं की सकाळी तुटलेलं सापडायचं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. धरणाच्या भिंतीपर्यंतचा हिशोब टीएमसीत लिहिलेला असतो आणि तो कुणालाही मागता येतो. चारीच्या आतला हिशोब बहुतेक ठिकाणी लिहिलेलाच नसतो.

गोदाकाठचा बागायतदार

आमचं दुखणं वेगळं आहे, तेही मांडतो. आम्ही कालव्यावर नाही. नदीवरून रीतसर मंजुरी घेऊन उपसा करतो. जायकवाडीला पाणी सोडलं की नदीकाठच्या फीडरची (वीजवाहिनीची) वीज बंद होते, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, काठाने बंदोबस्त लागतो. पाणी चोरीला जाऊ नये म्हणून हे करतात, ते मी समजू शकतो.

पण वेळ बघा. द्राक्षाची गोडी छाटणी आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात करतो. नोव्हेंबरात वेलीवर घड दिसायला लागलेले असतात. त्या आठ-दहा दिवसांत वेलीला ताण बसला की घड जिरतात, आणि जिरलेला घड परत येत नाही. पुढे कितीही पाणी पाजा. दारासमोरून नदी दुथडी वाहते आणि ठिबकच्या नळीत थेंब नाही, हे मी दोनदा पाहिलंय. विहिरीवरची मोटरसुद्धा त्याच फीडरवर असते, म्हणजे स्वतःच्या विहिरीचं पाणीही काढता येत नाही.

विहिरींसाठी निदान दिवसाला दोन-तीन तास वीज द्या, एवढी साधी मागणी आहे.

वैजापूरकर

नाशिकच्या भावांनो, खालच्या बाजूचंही ऐका. आमचं पाणीही तुमच्याच नांदूर मधमेश्वरहून येतं, जलद कालव्याने. त्यासाठी मुकणे, भावली, भाम, वाकी ही धरणं बांधली. ती इगतपुरीच्या पावसात भरतात. आमच्याकडे पावसाची नक्षत्रं कोरडी जातात.

"मराठवाड्याने पाणी पळवलं" हे वाचलं की वाईट वाटतं. कलमात कुणाचं पाणी कुणाला द्या असं नाही. तूट सगळ्यांनी वाटून घ्या, एवढंच आहे. आणि मराठवाड्यातही हेड-टेल आहेच. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब, पार परभणीपर्यंत जातो. तिथल्या टेलच्या माणसाला विचारा, तुम्ही सोडलेल्या पाण्यातलं त्याच्या शेतात किती पोचलं. तो आणि या दादांचे वडील, दोघांची रात्र सारखीच जाते.

गोदाकाठचा बागायतदार

भाऊ, तुमचं म्हणणं पटतं. माझा राग पाणी जाण्यावर नाही, ते ज्या पद्धतीने नेलं जातं त्यावर आहे.

साधा प्रश्न

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या गावात सर्रास बोलतात की हे पाणी शेवटी तेलंगणाला द्यायचा करार आहे म्हणून सोडतात. खरं आहे का?

निवृत्त पाटकरी

नाही. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. राज्याराज्यांतलं गोदावरीचं वाटप बच्छावत लवादाने केलं, अंतिम निवाडा 1980 चा. त्याआधी 1975 ला महाराष्ट्र आणि आंध्रमध्ये जो करार झाला, त्यात पैठणपर्यंतचं सगळं पाणी वापरायचा हक्क महाराष्ट्राला मिळाला. म्हणजे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा या सगळ्यांवर दुसऱ्या राज्याचा हक्क नाही. पैठणच्या खाली मात्र महाराष्ट्राच्या नव्या वापराला मर्यादा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा वाद त्यातलाच, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2013 ला निकाल दिला. बाभळीची दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात.

आपण इथे बोलतोय ते राज्याच्या आतलं, आपल्याच कायद्याने ठरलेलं वाटप.

साधा प्रश्न

आभारी आहे काका. मग जायकवाडीच्या साठ्याची ती 65 टक्क्यांची अट 58 वर येणार म्हणतात, त्याने टेलचा प्रश्न सुटेल का?

निवृत्त पाटकरी

मेंढेगिरीच्या सूत्राचा फेरविचार करणाऱ्या मांदाडे समितीची ती शिफारस आहे. 76.65 चे 58 टक्के म्हणजे साधारण 44.5. फरक सव्वापाच टीएमसीच्या आसपास. काही वर्षांत त्याने नक्कीच फरक पडेल, वरून सोडायची वेळ टळेल. पण पाणी धरणात राहिलं म्हणून ते टेलला पोचेल असं होत नाही. दादांच्या वडिलांना चांगल्या पावसाच्या वर्षी तरी शेवटच्या आवर्तनात खाचेपर्यंत पाणी मिळतं का, ते त्यांनाच विचारा.

शेवटचं दार

काका, विचारलं. 2024 ला जायकवाडी भरलं, वरून काही सोडावं लागलं नाही. तरीही उन्हाळ्यातल्या दुसऱ्या आवर्तनाला खाच कोरडी होती. वडील म्हणाले, "समन्यायी नव्हतं तेव्हाही हेच होतं, फक्त तेव्हा कारण सांगत नव्हते."

आरमकाठ (बागलाण)

मी बागलाणातली. आमच्या आरम-मोसम नद्या गिरणेला आणि पुढे तापीला मिळतात, त्यामुळे जायकवाडीचा हिशोब आम्हाला लागू नाही. पण या धाग्यात सगळे ज्या गोष्टीभोवती फिरताय ती आमच्याकडे शेकडो वर्षं चालत आली आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात आणखी काही, पुढच्या वर्षी फिरवाफिरव. माझ्या आजोबांची जमीन एका जागी नव्हती. प्रत्येक फडात एक एक तुकडा होता. लहानपणी मला वाटायचं, ही काय गैरसोय, चार ठिकाणी चालत जायचं.

ते कशासाठी होतं हे मोठी झाल्यावर कळलं. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी गाव बसून ठरवायचं की यंदा एक फड भिजवायचा नाही. तो फड कोरडा राहिला की गावातल्या जवळजवळ सगळ्यांचा एक तुकडा कोरडा राहायचा. कुणाचं सगळं जळत नव्हतं आणि कुणाचं सगळं भिजत नव्हतं. पाटावर पाटकरी, फडावर जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि यांना मोबदला गाव देणार. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचंच नाही, पाटकऱ्याने द्यायचं. आजोबा सांगायचे, स्वतःच्या वावरात स्वतः दार फोडलं तर गावात मान खाली जायची.

आता विहिरी झाल्या, डाळिंब आलं, बरेच फड मोडले. जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण तुमचा कायदा धरणाला जे सांगतो, तूट सगळ्यांनी वाटून घ्या, तेच फड शेवटच्या वाफ्यापर्यंत पाळत होता. तुमच्याकडे ती वाटणी धरणाच्या भिंतीशी थांबते. पुढे ज्याचं दार आधी, त्याचं पाणी.

निवृत्त पाटकरी

ताई, हे मला नोकरीत असताना कुणी इतक्या नेमकेपणाने सांगितलं नव्हतं.

बाणगंगेचा सभासद (ओझर)

ओझरचा अनुभव सांगतो, कारण आम्हीही टेलच होतो. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, आणि आम्ही त्याच्या उजव्या कालव्याच्या शेपटाला. कालवा झाला तरी ओझरला पाणी पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने लोकांना गोळा केलं आणि 1990 च्या सुमारास इथे पाणी वापर संस्था सुरू झाल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. पुढे 2003 पासून सगळा वाघाड प्रकल्पच 24 संस्थांच्या संघाकडे आला.

काय बदललं ते सांगतो. आधी पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर होती. किती पाणी आलं याच्याशी तिचा संबंध नव्हता. संस्था झाल्यावर पाणी मोजून मिळायला लागलं, घनमापनाने. संस्थेच्या मुखाशी फ्ल्यूम (प्रवाह मोजायचं बांधकाम), त्यावर पट्टी, आणि पट्टीचं वाचन आमचा माणूस आणि खात्याचा माणूस दोघं मिळून घेतात. धरणात 70 टक्के पाणी असेल तर प्रत्येक संस्थेच्या कोट्याचे 70 टक्के. हेडची संस्था असो नाहीतर टेलची. आपला कोटा कसा वापरायचा, कोणतं पीक घ्यायचं, ते आपलं आपण बघायचं. नाल्यांवर बंधारे घातले, त्यात पाणी मुरवलं, विहिरी वर आल्या.

सगळं गोड आहे असं समजू नका. वसुलीसाठी दारोदार फिरावं लागतं, निवडणुकीत राजकारण शिरतं, पट्टीचा रंग उडाला की नवी मिळेपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. पण 2005 पासून शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा वेगळा कायदा आहे आणि संस्थेला मोजून पाणी मागायचा हक्क त्यात आहे. दादा, तुमच्या चारीवर संस्था आहे का?

शेवटचं दार

कागदावर आहे. सभा झालेली मला तरी आठवत नाही.

बाणगंगेचा सभासद (ओझर)

मग तिथून सुरुवात करा. पण सभेत नुसतं "पाणी मिळत नाही" म्हणून जाऊ नका. हेडवाले म्हणतील, आम्हालाही मिळत नाही. आकडा घेऊन जा.

निवृत्त पाटकरी

मोजायची सोपी रीत सांगतो, खर्च काही नाही. चारीचा सरळ, गवत नसलेला 30 फुटांचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधा. वरच्या दोरीच्या थोडं अलीकडे काहीतरी तरंगतं टाका आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर किती सेकंदात कापतं ते मोबाइलवर मोजा. चार-पाच वेळा करून सरासरी काढा. 30 ला सेकंदांनी भागलं की वेग. त्याला पाण्याच्या रुंदीने आणि खोलीने गुणा. पृष्ठभागाचा वेग तळापेक्षा जास्त असतो म्हणून शेवटी 0.85 ने गुणा. आलं ते क्युसेक.

आणि हे ध्यानात ठेवा : एक क्युसेक एक तास चाललं की 3600 घनफूट. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. म्हणजे एका तासात एकरावर साधारण एक इंच पाणी. तुमच्या पाळीला एकरी तीन तास दिले असतील आणि दारात एक क्युसेक येत असेल तर तीन इंच पाणी. दारात अर्धंच येत असेल तर तीन तासांत दीड इंच. कांदा का पोसला नाही ते या एका आकड्यात दिसतं.

शेवटचं दार

पुढच्या आठवड्यात आवर्तन आहे. मोजतो.

शेवटचं दार

मंडळी, मोजलं. मी, वडील आणि पुढचे दोन शेतकरी, चौघं होतो. आमची पाळी रात्री अकरा ते दोन. त्या वेळात चारीवर दुसऱ्या कुणाचीही पाळी नव्हती, यादी बघून खात्री केली.

चारीच्या मुखाशी : रुंदी 2 फूट, खोली 0.9 फूट, 30 फुटांना 30 सेकंद. म्हणजे 1.53 क्युसेक.

आमच्या दाराशी : रुंदी 2 फूट, खोली 0.5 फूट, 30 फुटांना 40 सेकंद. म्हणजे 0.64 क्युसेक.

मधे 0.89 क्युसेक गेलं, आणि पाळी फक्त आमची होती. येताना चारीने चालत आलो. तीन ठिकाणी पाणी चोरून ओढायला पाइपाचे डोंगळे टाकलेले, एका ठिकाणी अस्तर फुटून पाणी थेट नाल्यात जात होतं. त्या फुटलेल्या जागी वडील बराच वेळ बॅटरी धरून उभे राहिले. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की पाणी वरूनच कमी सुटतं.

डोंगळे कुणाचे ते इथे लिहिणार नाही. त्यातला एक आमच्या भावकीतला आहे.

आरमकाठ (बागलाण)

दादा, भावकीतल्याला आधी घरी जाऊन भेटा, आकडा दाखवा. सभेत एकदम नाव घेतलंत तर तो सुधारायचा नाही, वैरी होईल.

निवृत्त पाटकरी

ताईंचं ऐका. आणि एका रात्रीच्या मोजणीवर थांबू नका. पुढच्या दोन शेतकऱ्यांच्या पाळीतही मोजा. त्याच रात्री मुख्य कालव्याच्या पट्टीचं वाचनही लिहून ठेवा, म्हणजे "वरूनच कमी होतं" असं कुणाला म्हणता येणार नाही. अस्तर फुटलंय त्या जागेचा दिवसा उजेडात फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून. हे सगळं एका अर्जात, चौघांच्या सह्यांनिशी द्या आणि पोच घ्या. संस्थेच्या सभेची मागणी वेगळ्या अर्जात करा, दोन्ही एकत्र करू नका.

गोदाकाठचा बागायतदार

अर्जाचा मसुदा तयार झाला की इथे टाका. आमच्या काठावरच्या लोकांनाही फीडरच्या वेळांची नोंद अशीच तारीखवार ठेवायला सांगतो. आजवर आम्ही नुसती आंदोलनं केली, एकही नोंद ठेवली नाही.

वैजापूरकर

आमच्या चारीला सोमवारी पाणी येतंय. मीही दोन्ही टोकांना मोजून इथे टाकतो. काका, तरंगायला काय टाकायचं? सुकी काटकी चालेल?

निवृत्त पाटकरी

काटकी काठाच्या गवतात अडकते. लिंबू टाका. अर्धं बुडून मधोमध वाहतं आणि रात्री बॅटरीत दिसतंही.